तोंड बांधायची घाई नको

मागच्या अंकात घोरण्यावर लिहिलं आणि टेबलावर पत्रांचा ढीग पडला. निम्म्या पत्रांत एकच रड आहे. झोपेत श्वास अडकतो म्हणून दाबाने हवा देणारं मशीन (सीपॅप) आणलं, मास्क लावला, पण मध्यरात्री तोंड उघडतं आणि हवा तोंडातूनच निघून जाते. म्हणून या वेळचं सदर त्यालाच देतोय. हा विषय मला पुस्तकातून कमी आणि उशीवर जास्त कळला, हे आधीच सांगून टाकतो. तीस वर्षं सांगलीत छातीचे रोगी तपासतोय आणि त्यातली शेवटची सहा वर्षं मी स्वतः नाकाला नळी लावून झोपतोय.

*

प्रश्न : डॉक्टरसाहेब, नमस्कार. माझे यजमान एसटीत चालक आहेत, वय ५४. घोरणं जुनंच होतं. पण गेल्या दिवाळीत खंबाटकी चढताना त्यांचा डोळा लागला, कंडक्टरभाऊंनी ओरडून जागं केलं म्हणून निभावलं. मग झोपेची तपासणी केली. तासाला ४२ वेळा श्वास अडकतो असं निघालं. तीन महिने झाले मशीन आणून, मास्क फक्त नाकावरचा आहे. रात्री दोनपर्यंत बरं असतं, मग तोंड उघडतं आणि फस्स फस्स सुरू होतं. सकाळी जीभ लाकडासारखी. दिवसा पेंग आहे तशीच. नाक रोज चोंदतं म्हणून झोपताना थेंब घालतात. दुकानदाराने हनुवटीचा पट्टा दिला. तो बांधून झोपले तर सासूबाईंनी घर डोक्यावर घेतलं, मेलेल्या माणसाचा जबडा बांधतात तसं माझ्या लेकाला कशाला बांधलंय म्हणून. खरं सांगायचं तर मलाही बघवत नाही. आता मोबाइलवर ओठांना चिकटपट्टी लावून झोपायला सांगतायत. लावू का?
– एक भगिनी, सातारा

उत्तर : ताई, चिकटपट्टी लावू नका, आणि पट्टाही तूर्त खुंटीला टांगा. तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तुम्ही जाता जाता लिहून गेलात : नाक रोज चोंदतं म्हणून थेंब घालतात. ज्याचं नाक बंद, त्याचं तोंडही बांधलं तर त्या माणसाने श्वास घ्यायचा कुठून?

सासूबाईंचं बोलणं मी हसण्यावारी नेत नाही. मी पहिल्यांदा पट्टा बांधून आडवा झालो तेव्हा माझी आई ८३ वर्षांची होती. रात्री पाणी प्यायला उठली आणि दारातच थबकली. "आरं, मढ्यागत त्वांड बांधून काय पडलायस? सोड आदी ते." एवढा शिकलेला मी, पण मुकाट्याने सोडला. म्हातारीचं कारण वेगळं होतं, पण सल्ला बरोबर होता, हे मला पुढे दोन महिन्यांनी कळलं.

आधी आत काय होतं ते बघू. झोपेत घशाची नळी ढिली पडते आणि श्वास आत ओढताना आतल्या आत मिटते. मशीन नाकातून सतत हवा सोडतं, त्या हवेच्या टेकूवर नळी उघडी राहते. हा दाब पाण्याच्या सेंटिमीटरमध्ये मोजतात, घरगुती मशीन साधारण ४ ते २० पर्यंत देतं. एवढी हवा नाकातून येते तरी ती तोंडाकडे वळत नाही, कारण मागची मऊ टाळू जिभेच्या बुडाशी टेकलेली असते आणि ओठ मिटलेले असतात. पहाटेच्या सुमाराला स्वप्नांची झोप वाढते, अंग पार सैल पडतं, जबडा खाली येतो आणि टाळूची ती बैठक सुटते. मग नाकातून आलेली हवा घशात उतरायच्या आधीच तोंडावाटे बाहेर. विहिरीवर मोटर चालू आहे, पण पाट मध्येच फुटलाय, शेवटच्या सरीला पाणी काही पोचत नाही. यजमानांची दिवसाची पेंग जात नाही ती यामुळे. रात्रभर मशीन चालल्याचं समाधान फक्त मीटरला.

त्यातून मशीन आपोआप दाब बदलणारं असेल तर आणखीच गोंधळ. त्याला श्वास अडकलेला दिसतो, ते बिचारं दाब वाढवतं, आणि वाढलेल्या दाबाने ओठ जास्तच सुटतात.

आता नाकाचं ऐका. एरवी आपण नाकानेच श्वास सोडतो. छातीतून येणारी ती ओली, गरम हवा जाता जाता नाकाच्या अस्तराला ओल परत देऊन जाते. गळती लागली की हवा एकाच वाटेने धावते, नाकातून आत आणि तोंडातून बाहेर. ओल परत मिळत नाही. तासन् तास कोरडा वारा खाऊन अस्तर सुजतं, नाक चोंदतं, आणि नाक चोंदलं की तोंड उघडावंच लागतं. आधी काय झालं आणि मागून काय, हे सकाळी कुणालाच सांगता येत नाही.

या चक्रात मी स्वतः चार महिने फिरलोय. माझ्या तपासणीत तासाला ३८ अडथळे होते. मशीन लावलं तरी आकडा ११ च्या खाली येईना. पाचच्या आत आला पाहिजे, हे मी रोज रोग्यांना सांगणार आणि स्वतःचा आकडा लपवणार! बायको म्हणायची, शिट्टी व्हायच्या आधी कुकर कसा फुरफुरतो, तसे तुम्ही रात्रभर करता. उठलो की जीभ टाळ्याला चिकटलेली, अक्षरशः बोटाने सोडवायची. मी काय केलं? मास्क बदलले, एक नाही, तीन. मग तो पट्टा. आणि हे सगळे उद्योग चालू असताना उशाच्या खणात नाकाच्या थेंबांची बाटली. औषध कंपनीचा माणूस नमुना म्हणून ठेवून गेला होता. रोज रात्री दोन-दोन थेंब. रोग्यांना पाच दिवसांच्या वर मी ते घालू देत नाही.

मिरजेत माझा वर्गमित्र नाक-कान-घशाचा डॉक्टर आहे. शेवटी त्याच्याकडे गेलो. त्याने दुर्बीण घालून बघितलं आणि दार उघडंच असताना मोठ्याने म्हणाला, "आधी ती बाटली सोड." बाहेर बाकावर बसलेल्यांची माझ्याबद्दल काय समजूत झाली असेल ती असो.

ते थेंब नाकातल्या रक्तवाहिन्या आवळतात, म्हणून दहा मिनिटांत नाक मोकळं होतं. पण परिणाम ओसरला की त्या आधीपेक्षा जास्त फुगतात. पुन्हा थेंब, पुन्हा फुगणं. तुमच्या यजमानांचं नाक दोनच्या सुमाराला बंद होतंय, यात मला तरी काही गूढ दिसत नाही.

तेव्हा ताई, पहिलं काम थेंब बंद करायचं. एकदम बंद केले तर पहिले आठ दिवस जीव नकोसा होतो. म्हणून एका नाकपुडीत बंद करायचे, दुसरीत चालू ठेवायचे. ती नाकपुडी आठवड्याभरात सुधारली की दुसरीतही बंद. या काळात तुमच्या डॉक्टरांकडून नाकात मारायचा स्टेरॉइडचा फवारा लिहून घ्या. स्टेरॉइड म्हटल्यावर घाबरू नका, तो नाकापुरताच काम करतो. पण तो थेंबांसारखा चटकन गुण देत नाही, पूर्ण परिणामाला आठवडा-दोन आठवडे लागतात, आणि तिसऱ्या दिवशी "काही उपयोग नाही" म्हणून फेकून देणारे मला रोज भेटतात. फवारा मारताना डाव्या नाकपुडीला उजवा हात आणि उजव्या नाकपुडीला डावा हात वापरायचा. म्हणजे फवाऱ्याचं तोंड बाहेरच्या बाजूला, डोळ्याच्या कोपऱ्याकडे राहतं. मधल्या पडद्यावर मारत राहिलं तर तिथून रक्त येतं.

झोपायच्या आधी नाक मिठाच्या पाण्याने धुवायचं. जलनेतीचा लोटा घरात असेल तर उत्तम, नसेल तर मेडिकलमध्ये बाटली मिळते. पाव लिटर पाणी उकळून कोमट केलेलं, त्यात चहाचा छोटा अर्धा चमचा मीठ, किंचित कमीच. पाणी उकळलेलंच हवं, नळाचं किंवा बोअरचं थेट नाकात जाता कामा नये.

नाक किती चालतं याची घरच्या घरी परीक्षा घ्या. संध्याकाळी ड्युटीवरून आले की घोटभर पाणी तोंडात धरायला सांगा, गिळायचं नाही. घड्याळ लावून तीन मिनिटं फक्त नाकाने श्वास. आरामात जमलं तर नाक रात्रीला पुरेल. मिनिटाच्या आतच पाणी बेसिनमध्ये गेलं तर समजा की पट्टा, पट्टी, मास्क या सगळ्या पुढच्या गोष्टी. मग नाकाच्या डॉक्टरांना दाखवून हाड वाकडं आहे का, आत मस वाढलेत का, हे बघून घ्यायचं.

आणि एक काम तुमच्या हातचं. शब्दशः हातचं. रात्री दोन-अडीचला जाग आली तर हाताची मागची बाजू त्यांच्या ओठांसमोर धरा. तिथली कातडी फार हळवी असते, गार झुळूक लगेच कळेल. मग तोच हात मास्कच्या कडेने, नाकाच्या दांड्याजवळ, डोळ्यांखाली फिरवा. हवा ओठांतून येते की मास्कच्या कडेतून, हे एकदा नक्की झालं पाहिजे. मी मास्कवर तीन वेळा पैसे घातले ते हे न बघता.

मशीनला पाणी तापवायचं भांडं आहे का, ते तुम्ही लिहिलं नाहीत. नसेल तर घ्या. असेल आणि बंद असेल तर चालू करा. गरम ओली हवा मिळाली की अस्तर सुजण्याचं ते चक्र पुष्कळ थांबतं. दुसरं, मशीन ज्यांनी बसवून दिलं त्यांनी दाब ४ ते २० असा मोकळाच ठेवलाय का, ते विचारा. बरीच मशीन अशीच उघडी सोडलेली माझ्याकडे येतात. तीन महिन्यांचा अहवाल काढून, खरंच किती दाब लागतो ते बघून डॉक्टर ती हद्द आवळतात. घरी बटणं दाबून हे करायचं नाही.

यजमानांना एक सवय लावा. बातम्या बघताना वीस मिनिटं मशीन लावून बसायचं, जागेपणी. एकदा मुद्दाम तोंड उघडायला सांगा, हवा कशी भसकन बाहेर येते ते त्यांना कळू दे. मग 'न' म्हणायला जीभ जिथे टेकते तिथे ती टेकवायची आणि तिथेच ठेवायची, मागचा भागही टाळूला लागू द्यायचा. हवा आपोआप थांबते. जागेपणी जिभेला जे वळण लागतं, त्यातलं थोडंफार झोपेतही टिकतं. सगळं टिकतं असा माझा दावा नाही.

एवढं दीड-दोन महिने करूनही तोंड उघडत राहिलं, तर नाक आणि तोंड दोन्ही झाकणारा मास्क घ्या. मी पट्ट्याच्या आधी हा मास्क सांगतो, आणि त्याचं कारण सासूबाई नव्हेत. पट्टा जबडा वर उचलतो, ओठ शिवत नाही. हवा ओठांतून फुरफुरत राहतेच. आणि तो नीट बांधला नाही तर जबडा वर न जाता मागे ओढला जातो, म्हणजे जी जागा मोकळी करायची तीच आणखी अडते. थोडीशीच गळती असेल तर काही जणांना पट्ट्याचा उपयोग होतो. तेव्हा तो हनुवटीखालून सरळ डोक्यावर, माथ्याकडे जायला हवा, मानेमागे नाही.

चिकटपट्टीचं विचारलंत म्हणून सांगतो. ती लावून सुखाने झोपणारे लोक आहेत, हे मी नाकारत नाही. पण मी स्वतःहून कुणाला ती सांगत नाही. आपल्याकडे रात्री वीज जाते. वीज गेली की मशीन बंद, आणि नाकावरच्या मास्कच्या बारीक भोकांतून पुरेशी हवा येत नाही. अशा वेळी माणूस झोपेतच तोंड उघडून वेळ निभावतो. तिथे पट्टी असली तर? नाक चोंदणारा, पित्त वर येणारा, रात्री उलटी होऊ शकणारा, दारू किंवा झोपेची गोळी घेतलेला, यातल्या कुणीही पट्टीला हात लावायचा नाही. दाढेत तंबाखू ठेवून झोपणाऱ्यांना तर मी हात जोडतो. (यजमान ठेवत असतील तर हे त्यांना मोठ्याने वाचून दाखवा.)

आता जे मला सगळ्यात आधी लिहायला हवं होतं ते. अहवालातला अडथळ्यांचा आकडा खाली येऊन दिवसाची पेंग जात नाही, तोवर त्यांनी गाडी चालवायची नाही. दुचाकीसुद्धा नाही. सुट्टी घ्या, डॉक्टरांचं पत्र देऊन डेपोत दुसरं काम मागा. मागे पन्नास माणसं बसलेली असतात. आणि मुक्कामी गाडीला मशीन घरीच ठेवून जात असतील, असा मला दाट संशय आहे, कारण माझ्याकडे येणारे सगळे चालक तसंच करतात. मशीनचं वजन दोन किलोसुद्धा नसतं. पुढे कामावर रुजू झाले की ते मुक्कामालाही गेलं पाहिजे, सोबत लांब वायरचा बोर्ड घेऊन. मुक्कामाच्या गावात प्लग मिळत नसेल तर तेही त्याच पत्रात लिहून घ्या आणि मुक्कामाची पाळी टाळून मागा.

माझं पुढे काय झालं ते राहिलंच. बाटली सुटली, फवारा आणि मिठाचं पाणी सुरू झालं. दीड महिन्याने अहवाल काढला तर मिनिटाला ४१ लिटरची गळती ९ वर आली होती आणि अडथळे तीनच्या आत. मास्क तोच, पहिला, जो मी वाईट म्हणून कपाटात टाकला होता.

*

प्रश्न : मार्केट यार्डात आमची हळदीची अडत आहे. वय ४१, वजन १०८ किलो. मला नाक-तोंड दोन्ही झाकणारा मास्क दिलाय, तरीही गळती आहेच. सकाळी मशीनवर कधी हसरा चेहरा येतो, कधी रडका. मी दाढी राखलीय, ती काढावी लागेल का? आणि मास्कला पुढे बारीक भोकं आहेत, त्यातून सारखी हवा जाते. ती बुजवली तर गळती कमी होईल का?
– एक व्यापारी, सांगली

उत्तर : दादा, भोकांना हात लावू नका! ती मुद्दाम ठेवलेली असतात. तुम्ही सोडलेला श्वास, त्यातला कार्बन डायऑक्साइड, बाहेर जायला तेवढीच वाट असते. ती बुजवली तर तोच वापरलेला श्वास परत आत जातो. तुम्ही निदान विचारलंत तरी. दोन वर्षांपूर्वी एक बागायतदार माझ्याकडे डोकं दुखतं म्हणून आले. मास्क बघितला तर सगळी भोकं एम-सीलने बंद, वरून बोट फिरवून गुळगुळीत केलेली. पाइपलाइनचं काम करावं इतक्या निगुतीने. गळती दिसली की लिंपायचं हे आपल्या हाडातच आहे, त्याला ते तरी काय करणार. मास्क फेकायला लावला, नवा घेतला, डोकेदुखी थांबली.

या मुद्दाम सोडलेल्या हवेमुळे आकड्यांचाही घोळ होतो. काही मशीन ती हवा वजा करून उरलेली गळती दाखवतात, काही सगळी मिळून दाखवतात. शेजारच्या गाळ्यावरच्या माणसाचं मशीन वेगळ्या कंपनीचं असेल तर त्याच्या आकड्याशी तुमचा ताडून बघू नका. हसरा-रडका चेहरा दाखवणाऱ्या मशीनमध्ये सहसा मिनिटाला २४ लिटर ही रेघ धरतात. रात्रीचा बहुतेक वेळ त्याच्या आत असला तर मशीन सांभाळून घेतं.

दाढी. खरं उत्तर द्यायचं तर हो, तिचा त्रास होतो. मास्कची कड मऊ सिलिकॉनची असते, ती कातडीला चिकटून बसते. केसांवर ती तरंगते. म्हणून लोक पट्टे आवळत सुटतात, मग नाकाच्या दांड्यावर वळ उठतात आणि हवा डोळ्यांत जाते. दाढी ठेवायचीच असेल तर हनुवटीखाली आणि ओठांच्या बाजूला, जिथे कड टेकते तेवढी पट्टी बारीक ठेवून बघा. नाहीतर नाकपुड्यांत बसणाऱ्या छोट्या गाद्यांचा मास्क मिळतो, त्याला दाढीशी देणंघेणं नाही, मिशीशी थोडं आहे. पण तो लावला की तोंड उघडून चालणार नाही, म्हणजे पुन्हा सगळं नाकावर येऊन ठेपतं. मास्क बसवताना आडवं होऊन, मशीन चालू करून पट्टे लावा. बसल्या बसल्या अगदी मापात बसलेला मास्क पाठ टेकली की गालांबरोबर सरकतो. आणि कड रोज सकाळी साबणाच्या पाण्याने पुसा. चेहऱ्याचं तेल लागून ती निसरडी होते.

आता तुम्ही न विचारलेलं विचारतो. संध्याकाळी रुमाल पिवळा होतो का? हंगामात यार्डातला माणूस माझ्याकडे आला की नाव विचारायच्या आधी मी नाकपुड्या बघतो. आत पिवळी कड असते. पोती उलटताना उडणारी ती धूळ नाकात बसते, अस्तर सुजतं, रात्री नाक बंद होतं. मग मास्क मोठा दिला काय आणि छोटा दिला काय. हळद औषधी आहे हे मला मान्य, पण ती दुधात. गाळ्यावर चांगला घट्ट एन-९५ लावा, घरी आल्यावर अंघोळ आणि वर सातारच्या ताईंना सांगितलेलं मिठाचं पाणी. महिनाभराने कदाचित तुम्हाला नाकावरचा छोटा मास्कच पुरेल. १९८१ साली सिडनीच्या कॉलिन सलिव्हन यांनी हा उपचार पहिल्यांदा 'लॅन्सेट'मध्ये मांडला तो नाकातूनच हवा देऊन, पाच रोग्यांवर. सुरुवातीला तर मास्क रोज रात्री सिलिकॉनचा गोंद लावून नाकाला चिकटवायचे आणि सकाळी सोलून काढायचे. दाढीवाल्यांनी तेव्हा काय केलं असतं कुणास ठाऊक.

१०८ किलोचं एका परिच्छेदात आटपणार नाही. या, समोर बसून बोलू.

*

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक, वय ७१. वरची-खालची दोन्ही कवळी आहे. झोपताना काढून ठेवतो. मास्क नाकावरचा. ओठ आत जातात आणि हवा फुर्रकन बाहेर येते. कवळी घालून झोपलं तर चालेल का?
– तासगाव

उत्तर : गुरुजी, कवळी काढली की ओठांना मागचा आधारच जातो, चेहऱ्याची ठेवण बदलते, दुकानात मापाने घेतलेला मास्कही मग मापाचा राहत नाही. दुकानात तुम्ही कवळी घालून गेला असणार. कवळी घालून झोपल्याने तुमची गळती कमी होईल, असा माझा अंदाज आहे. पण हिरड्यांना रात्री विश्रांती हवी आणि ढिली कवळी झोपेत सुटली तर ते धोक्याचं. म्हणून निर्णय तुमच्या दंतवैद्यांचा. त्यांनी नको म्हटलं तर कवळी काढून, आडवं होऊन, पुन्हा माप द्या आणि नाक-तोंड झाकणारा मास्क घ्या. दिवसभर शिकवताना तोंड उघडं ठेवायची सवय होती, असं तुम्ही पत्राच्या शेवटी लिहिलंय. तो दोष मी मानत नाही.

*

प्रश्न : आम्ही जतला राहतो. सासऱ्यांच्या मशीनच्या भांड्यात बोअरचं पाणी घालतो, त्यात पांढरा थर बसतो. मेकॅनिक म्हणाला बॅटरीचं पाणी घाला. चालेल का? शिवाय रात्री वीज गेली की इन्व्हर्टर तासाभरातच बसतो.
– एक सून, जत

उत्तर : बॅटरीचं पाणी नको, ते माणसाच्या श्वासात जाण्यासाठी केलेलं नसतं. मेडिकलमधून डिस्टिल्ड वॉटर आणा. ते संपलं तर एखाद्या रात्री फिल्टरचं पाणी उकळून गार करून वापरलं तरी निभावतं. बसलेला थर पांढऱ्या व्हिनेगरमध्ये तेवढंच पाणी घालून अर्धा तास भिजवून काढा, मग खळखळून धुवा.

इन्व्हर्टरवर बहुतेक वीज पाणी तापवायलाच जाते, मशीनमधला पंखा फार थोडी घेतो. सासऱ्यांना मशीनवर तापमानाचं बटण बंद करायला शिकवा, किंवा तुम्हीच शिका. वीज गेली की ते बंद करायचं, इन्व्हर्टर पुष्कळ जास्त वेळ टिकेल. त्या रात्री घसा थोडा कोरडा पडेल, पडू दे. भांड्यात पाणी असताना मशीन उचलून दुसऱ्या खोलीत नेऊ नका, पाणी आत सांडतं आणि दुरुस्तीला पाठवावं लागतं. सकाळी उरलेलं पाणी ओतून टाकायचं, त्यातच नवं घालायचं नाही. भांडं धुऊन सावलीत पालथं घाला, जतच्या उन्हात प्लास्टिक तडकतं.